पायरीखालच्या चपला

ट्रक मोजायच्या माझ्या वजनकाट्याच्या खिडकीला लागूनच एका ट्रान्सपोर्टचं अंगण आहे. दुपारी तिथे एक नवा ड्रायव्हर आला. लायसन्स ताजं, चेहरा मात्र दारोदार फिरून दमलेला.

"शेठ, लोकलचंच काम बघतोय. पगार बरा असावा, आणि रात्री घरी पोचलो पाहिजे."

"लोकल जुन्या माणसांना," शेठ कंटाळून म्हणाले. "नव्याने आधी लांबच्या गाड्या मारायच्या. चल, ही गाडी मागे घेऊन दाखव."

त्याने चपला काढून पायरीखाली नीट जोडून ठेवल्या आणि अनवाणी केबिनमध्ये चढला. बाकीचे ड्रायव्हर हसले. केबिनमध्ये चपला कुणीच घालत नाही, पण त्या उचलून आत सीटखाली ठेवायच्या असतात. निघालेली गाडी त्याच जागी परत येईल, हे कोणी सांगावं?

मला हसू आलं नाही. माझे वडील लांबच्या गाडीवर होते. त्यांच्या चपला दारात दिसल्या की आम्ही भावंडं हळूच घरात शिरायचो, कारण ते झोपलेले असायचे. रोज संध्याकाळी आपल्याच दारात चपला काढता याव्यात, माणूस मागतो ते एवढंच. आणि तेवढ्यासाठीही आधी कितीतरी वर्षं बाहेर काढावी लागतात.

त्याने गाडी सुरेख मागे घेतली. शेठ म्हणाले, "हीच आज बंगळूरला निघतेय. जातोस?"

तो खाली उतरला. चपला पायरीखालीच होत्या. त्याने वाकून त्या उचलल्या आणि सीटखाली सरकवल्या.