ताईची हनुवटी

माझ्या मोठ्या बहिणीची दाढी न्हाव्याने पहिल्यांदा केली ती गेल्या वर्षी, जुलै महिन्यातल्या एका रविवारी सकाळी. नागपूरजवळच्या मौद्याला, तिच्या स्वतःच्या घरापुढच्या छपरीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून. तिचं वय तेव्हा बहात्तर होतं. मी तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. मी तिथे हजर होते.

आमच्या घरातल्या बायकांना हनुवटीवर केस येतात. आईला होते. आजीबद्दल खात्रीने सांगता येत नाही. तिचा एकच फोटो आहे आणि त्यात तिने पदर हनुवटीवर ओढून धरलेला आहे. आई राखेने केस उपटायची. चुलीतली थंड राख बोटांना लावली की केस निसटत नाही. न्हाणीचं दार लावून ती हे करायची आणि आम्ही दार वाजवलं तर आतून फक्त ‘थांबा’ म्हणायची. घरात गॅस आला आणि चूल गेली, तेव्हा ती अगरबत्तीची राख एका डबीत जमवू लागली. ती डबी कशासाठी आहे हे वडिलांना माहीत होतं की नाही, मला माहीत नाही.

मला चाळिशीनंतर सुरुवात झाली. पाळी गेल्यावर वाढ झाली. ओठावर लव, जबड्याच्या कडेला काही, आणि हनुवटीवर जाड, टोचणारे. पोटावर आणि छातीवरही आले, पण मी लग्न केलं नव्हतं आणि ते पाहणारं कोणी नव्हतं. मी नागपुरात एका वर्तमानपत्राच्या संपादकीय विभागात होते. संध्याकाळची पाळी, डोक्यावर ट्यूबलाइट. एकदा एक सहकारी मजकुरातली चूक दाखवताना माझ्याशी बोलत होता. त्याची नजर माझ्या हनुवटीवर थांबली आणि मग कागदावर गेली. एवढंच घडलं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या टेबलाच्या खणात प्लकर आणि हातात मावेल एवढा आरसा असायचा. निवृत्तीच्या दिवशी खण रिकामा करताना मी सगळ्यात आधी ते दोन काढले.

उन्हाळा सोपा जायचा. मार्चपासून नागपुरात बायका तोंडाला स्कार्फ गुंडाळून बाहेर पडतात, फक्त डोळे उघडे. पाऊस येईपर्यंत रस्त्यावर, दुकानात, बँकेच्या रांगेत कुणी कुणाचा चेहरा पाहत नाही. लोक ऊन कधी संपतं याची वाट पाहायचे. मी पाहत नसे.

निवृत्त झाल्यावर सदर भागातल्या एका त्वचारोगतज्ज्ञाकडे गेले. ताई सोबत आली. त्यांनी भिंगातून दोघींचीही हनुवटी पाहिली आणि सांगितलं की लेझर काळा केस पकडतो, पांढरा पकडत नाही. आमचे बहुतेक पांढरे झाले आहेत. दुसरा उपाय म्हणजे सुई. एकेका केसाच्या मुळाशी सुई घालून वीज सोडायची, आणि पुन्हा पुन्हा यायचं. खर्च आणि फेऱ्या सांगून ते म्हणाले, ‘तुम्ही उशिरा आलात.’

जिन्यावरून उतरताना ताई म्हणाली, ‘म्हंजे शिलाई मशीनखाली तोंड देऊन झोपायचं, म्हन की.’

मी कठडा धरून उतरत राहिले.

‘काहून तोंड पाडून राहिली वं? नवरा सोडून जाईन, पोरं सोडून जातीन, हे नाही सोडत. याच्यासारखं इमानी कोणी नाही.’

त्यानंतर आम्ही उपाय शोधणं थांबवलं आणि एक पद्धत ठरवून घेतली. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी भेटायचं. पौर्णिमेला विहारात पांढरी साडी नेसून पुढे बसावं लागतं आणि सकाळचं ऊन खिडकीतून थेट चेहऱ्यावर येतं. ती बसने नागपूरला यायची, किंवा मी मौद्याला जायची. मधल्या दिवसांत जिचं तिने प्लकरने पाहायचं. भेटलो की ती मला खिडकीजवळ बसवायची आणि शिवणाच्या रिळातला धागा काढायची. पार्लरमध्ये मुली धाग्याचं एक टोक दातांत धरतात. ताईने वरची कवळी बसवली होती. धागा ओढला की कवळी खाली यायची. म्हणून ती टोक मानेभोवती अडकवायची.

‘हालू नको. हाललीस त गालच काढून घेईन.’

‘दुखतं, ताई.’

‘दुखते त दुखू दे. विहारात त्या बाजूच्या लाइनीतल्या बाया काय पाहतात, बुद्धाले? आपल्याले पाहतात.’

आई आम्ही त्या डॉक्टरांकडे गेलो त्याआधीच्या थंडीत गेली होती. शेवटचे तीन आठवडे ती दवाखान्यात होती; तोंडाला नळ्या, हनुवटीवर चिकटपट्ट्या, हात लावता येत नव्हता. घरी आणल्यावर अंगणात साड्यांचा आडोसा करून बायकांनी तिला अंघोळ घातली. पट्ट्या निघाल्या. नात्यातली एक काकू मोठ्याने म्हणाली, ‘हे काय वं माय, बुढीले त माणसावानी दाढी आली!’ दोन बायका हसल्या. ताईने पांढरं कापड आईच्या ओठापर्यंत ओढलं. बाहेर आणल्यावर अंत्यदर्शनाच्या वेळी कुणीतरी म्हणालं, तोंड नीट दिसू द्या. कापड खाली करण्यात आलं.

आईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, लोक गेले, आम्ही दोघी भांडी पुसत होतो. ताई म्हणाली, ‘हे पाय. जे आधी पडंन, तिची हनुवटी दुसरीनं पाहायची. सुनेवर नाही सोडायचं, पोरावर नाही. कबूल?’

‘कबूल. आणि दोघी एकदमच पडलो तर?’

‘तं कोन पाहून राहिलं आपल्याले?’

मी म्हटलं, ‘लोक पाहतात.’

‘हो वं,’ ती म्हणाली. ‘मेल्यावर त जास्तच पाहतात.’

त्या जुलैच्या आधीच्या डिसेंबरात मी इमारतीच्या जिन्यात पडले. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर हाड जुळल्याचं एक्स-रेमध्ये दिसलं, पण अंगठा आणि तर्जनी यांची पकड परत आली नाही. पेन धरता येतो. सुई धरता येत नाही, प्लकर धरता येत नाही. डाव्या हाताने आरशात उलटं होतं. ताईला कळलं तेव्हा ती महिन्यातून दोनदा येऊ लागली. स्वतःचं ती स्वतःच करायची; माझं ती करायची. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल असं चाललं.

मे महिन्यात, बुद्धपौर्णिमेनंतर काही दिवसांनी, तिला लकवा मारला. उजवी बाजू गेली. वाचा गेली. दवाखान्यातून घरी सोडलं तेव्हा तिच्याकडे एकच शब्द उरला होता: ‘हो’. डॉक्टरांनी सांगितलं की असं होतं. बाकी भाषा जाते आणि एखादा शब्द तेवढा राहतो, आणि तो प्रत्येक गोष्टीला बाहेर येतो. तिला बरंचसं समजतं, असंही ते म्हणाले. मी जूनमध्ये तिच्याजवळ बसून विचारलं, दुखतं का? ती म्हणाली, हो. मी विचारलं, दुखत नाही ना? ती म्हणाली, हो.

तिची सून तिचं सगळं करते. अंग पुसणं, भरवणं, कपडे बदलणं, रात्री कूस बदलणं. यात कधी कसूर झाल्याचं मी पाहिलेलं नाही. जूनमधल्या त्या भेटीत ताईच्या हनुवटीवरचे केस वाढले होते, काही कुरळे होऊन परत कातडीकडे वळले होते. ती डाव्या हाताने तिथे सारखी चाचपत होती. नखांचे ओरखडे होते.

मी पर्समधून प्लकर काढला आणि डाव्या हातात धरला. उजव्या हाताच्या पंजाने तिचं कपाळ मागे टेकवलं. पहिला केस निघाला. दुसऱ्या वेळी कातडी पकडली गेली. रक्त आलं आणि थांबेना. सून कापूस घेऊन आली आणि बराच वेळ दाबून उभी राहिली.

‘राहू द्या मावशी. त्यायले रक्त पातळ व्हायची गोळी चालू हाये. डॉक्टरनं सांगितलं, कुठं खरचटू द्यायचं नाही.’

‘पार्लरवालीला बोलवून पाहू.’

‘इचारलं मी. थे म्हने, पेशंटच्या तोंडाले हात नाही लावत. काही झालं त माझ्यावर येईन.’

मी प्लकर पर्समध्ये ठेवला.

ताईचे यजमान, माझे भाऊजी, गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नाहीत. दर रविवारी सकाळी वस्तीतला न्हावी छपरीत येऊन त्यांची दाढी करतो. हा क्रम ताईच्या आजारपणाच्या आधीपासूनचा आहे. जुलैतल्या त्या रविवारी मी मौद्याला गेले होते. ताईला हवा लागावी म्हणून खुर्चीवर बाहेर आणलं होतं. न्हाव्याने भाऊजींची दाढी आटोपली आणि तो वाटी धुवायला उठला. माझा भाचा, ताईचा मुलगा, वीज प्रकल्पातली रात्रपाळी करून नुकताच आला होता, दारात उभा राहून चहा पीत होता.

तो म्हणाला, ‘थांब गा. आईचीही करून टाक.’

न्हाव्याने आधी ताईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘बाईमाणसाची दाढी आपन कधी केली नाही, भाऊ.’

‘आता आजारी माणूस हाये, त्याच्यात काय बाई अन् काय बुवा. नखानं ओरबाडून राहिली ना थे. पाय तिचं तोंड.’

मी म्हटलं, ‘नको. ब्लेड नको. गोळी चालू आहे, लागलं तर रक्त थांबणार नाही. मी करते.’

‘मावशी, मागच्या वेळी तूच रक्त काढलं ना?’ तो चिडलेला नव्हता. ‘याचा हात साफ हाये. बाबाले इतक्या वर्षांत एकदा तरी लागलं का? इचार.’

भाऊजी म्हणाले, नाही लागलं.

‘निदान आत न्या तिला,’ मी म्हटलं. ‘रस्त्यावरून दिसतं.’

‘आत उजेड नाही, बाई,’ न्हावी म्हणाला. ‘उजेड नसला त लागते.’

हे खरं होतं.

भाचा ताईसमोर उकिडवा बसला. तिचा चांगला हात त्याने आपल्या हातात घेतला आणि हळू आवाजात विचारलं, ‘आई, करायची ना? मोकळं वाटंन तुले. करू दे ना?’

ताई म्हणाली, ‘हो.’

‘झालं,’ तो उठत म्हणाला. ‘थे सोता हो म्हनते.’

मी त्याला ‘हो’चं सांगितलं. तो म्हणाला, मावशी, मले माहीत हाये, पन तिले समजते ना सगळं. दोन्ही गोष्टी डॉक्टरांनीच सांगितल्या होत्या.

न्हाव्याने नवं पातं बसवलं. भाऊजींच्या गळ्यातला टॉवेल झटकून तो ताईच्या गळ्यात बांधू लागला, तेव्हा सून आतून धुतलेला घेऊन आली. ब्रशने फेस लावला. ताईचे डोळे उघडे होते आणि रस्त्याकडे होते. समोरच्या घरातली बाई पायरी धुता धुता थांबली आणि आत गेली. शेजारची दोन मुलं फाटकाशी आली. भाच्याने त्यांना हाकललं. न्हाव्याने हनुवटी केली, जबडा केला, मग ओठावरची लव केली. सगळं मिळून भाऊजींपेक्षा कमी वेळ लागला. कुठेही लागलं नाही. तो तुरटी फिरवायला गेला तेव्हा ताईचा डावा हात टॉवेलखालून वर आला आणि हनुवटीवर पंजा पालथा पडला. न्हावी थांबला. तिने हात काढला नाही. त्याने तुरटी परत डब्यात ठेवली.

ती रडली का, हे मी सांगू शकत नाही. लकव्यानंतर तिच्या उजव्या डोळ्यातून सतत पाणी येतं.

पुढच्या आठवड्यात सुनेने फोनवर सांगितलं की केस खुंटासारखे आलेत, उशीच्या अभ्र्याला अडकतात, आणि हात आता दिवसभर तिथेच असतो. ती म्हणाली, एकदा केली की करावीच लागते, मावशी, तुमाले त माहीत हाये.

माझं मी सध्या काय करते, तर चार्जिंगचा ट्रिमर वापरते. त्याने केस मुळापासून निघत नाहीत. दुसऱ्या दिवशी बोटांना लागतात. सदरच्या पार्लरमध्ये एकदा गेले होते. तिथली मुलगी धागा दातांत धरता धरता थांबली आणि मैत्रिणीला हिंदीत म्हणाली, आंटी का जेंट्स वाला है, टाइम लगेगा. मी पुन्हा गेले नाही. पौर्णिमेला विहारात मागच्या ओळीत, खांबाला टेकून बसते. मी पडले तर कुणी पाहायचं हे ठरलेलं नाही. ज्याला सांगता येईल असं कुणी नाही.

गेल्या रविवारी मौद्याला गेले होते. ताईला छपरीत बसवलेलं होतं, भाऊजींची दाढी चालू होती. मी तिच्याजवळ स्टूल घेऊन बसले आणि पदराने तिच्या तोंडावरचं पाणी पुसायला वाकले. तिचा डावा हात वर आला. तो माझ्या हनुवटीला लागला आणि तिथे फिरू लागला. डाव्या बाजूला, जबड्याखाली, ट्रिमरला सापडत नाही तिथे, एक केस लांब राहिला होता. तिच्या बोटांना तो सापडला. अंगठा आणि बोट जुळवून तिने ओढला. निसटला. तिने पुन्हा धरला. पुन्हा निसटला.

‘सरका बाई थोडं,’ न्हावी म्हणाला.

मी स्टूल मागे घेतलं. त्याने ताईच्या गळ्यात टॉवेल बांधला, फेस लावला, दाढी केली आणि ओल्या हाताने तिची हनुवटी चाचपून पाहिली.

‘झालं आजी,’ तो म्हणाला. ‘आता पुढच्या रविवारी.’

ताई म्हणाली, ‘हो.’