कबुतरवाल्याच्या मुबशिराचा ड्रोन

आमच्या शाहूपुरीच्या गल्लीत नबीलाल मोटार वाइंडिंग करतो, पण विचाराल तर स्वतःला कबुतरवाला म्हणवतो. ज्याचं कबूतर सगळ्यांत जास्त वेळ आभाळात राहील तो जिंकला, अशी ती स्पर्धा, आणि या माणसाला जगातलं दुसरं काही कळतच नाही. त्याची मुलगी मुबशिरा लहानपणापासून गच्चीवर बापाशेजारी मान वर करून बसलेली. पुढे ती विद्यापीठात भूगोल शिकायला गेली. तिथं ड्रोन चालवायचं प्रशिक्षण सुरू झालं, तेव्हा सगळ्यांत आधी तिनंच नाव दिलं. मला तर त्यात काही नवल वाटलं नाही.

पुरात बुडालेल्या उसाचा नकाशा करायचं संशोधन चालू होतं आणि त्यात प्रशिक्षणातल्या एकाच विद्यार्थ्याला घेणार होते. मुबशिराला ती जागा हवी होती. जेवताना, चालताना तिच्या तोंडी दुसरा विषय नसे.

हातकणंगल्याकडच्या एका शेतावर निवडीची चाचणी झाली. बॅटरी कमी झाल्याची सूचना वाजली की बाकीची मुलं ड्रोन उतरवत. मुबशिराच्या अंगात मात्र भिनलेलं, की आधी उतरलं ते हरलं. सूचना वाजत राहिली, ही वर बघत राहिली, आणि ड्रोन उसाच्या फडात जाऊन आदळला. त्याची फिरती पाती मोडली. शिकवणारे बुद्धभूषण सर फार बोलले नाहीत, पण पुढच्या खेपेला असं झालं तर जागा विसरायची, एवढं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

आणि नबीलाल? पोरीचं यंत्र सगळ्यांत जास्त वेळ वर राहिलं म्हणून त्यानं गल्लीभर मिरवलं, मला बोलावून चहा पाजला. असला खूश बाप मी पाहिला नाही, आणि असली चिडलेली मुलगीही. बरेच दिवस ती त्याच्याशी धड बोलली नाही. मला तिची फार दया आली.

दुसऱ्या चाचणीला तो हट्टानं गेला आणि मलाही ओढून नेलं. शेताचा बराचसा भाग ड्रोनच्या कॅमेऱ्यानं टिपून झाला होता, तेवढ्यात वारं सुटलं. कडेचा पट्टा तेवढा राहिला होता. सूचना अजून वाजलीही नव्हती, तरी मुबशिरानं ड्रोन माघारी वळवला. नबीलालला राहवेना.

"राहू दे की वर. अजून दम हाय त्यात."

तिनं मान वळवली नाही. "अब्बा, ते पाखरू न्हाय. दमलं तर झाडावर बसत न्हाय."

ड्रोन तिच्या पुढ्यात अलगद टेकला. पट्टा का सोडला, असं सरांनी विचारलं. परत येताना वारं समोरून होतं, बॅटरी पुरली नसती, तो पट्टा उद्याही टिपता येईल, असं ती म्हणाली. सरांनी तिथंच तिला संशोधनात घेतल्याचं सांगितलं. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

मग आम्ही परतलो. गल्लीत शिरताच कुणीतरी हाक मारून विचारलं, आज किती वेळ वर राहिलं पोरीचं यंत्र?

"ते न्हाय बघितलं," नबीलाल म्हणाला. "पोरीनं परत आणलं."