तहकूब सभा आणि तांदळाच्या भाकऱ्या

शाळेला पैसे द्यायचे की नाहीत हे ग्रामसभेत ठरतं असं ज्याला वाटतं, त्याने एकदा आमच्या गावात येऊन बघावं. आमच्याकडे ग्रामसभा भरतच नाही. फळ्यावर नोटीस लागते, रिक्षावर भोंगा बांधून गावभर ओरडतात, आणि ठरल्या वेळेला पंचायतीत असतात कोण, तर ग्रामसेवक, शिपाई आणि पंखा. थोडा वेळ वाट बघायची, माणसं पुरेशी नाहीत म्हणून सभा तहकूब करायची आणि घरी जायचं. मग पुढच्या आठवड्यात तहकूब सभा. तिला माणसांची अट नसते. त्या दिवशी सरपंच आपली चार टाळकी घेऊन येतो, चहा-फरसाण होतं आणि गावाची कामं मंजूर होतात. कामं म्हणजे पेव्हर ब्लॉक. गल्लीत ब्लॉक, देवळापुढे ब्लॉक, सरपंचाच्या दारात तर दोनदा ब्लॉक. आणि ते सगळे येतात त्याच्या पुतण्याच्या ट्रकमधून.

शाळेचा नंबर शेवटी, काही उरलं तर. बाकी दर वर्षी बाईंच्या अर्जाला वाटाण्याच्या अक्षता. बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, चौलहून स्कूटरवर येतात. शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंत. मुलींच्या संडासाचं दार खाऱ्या हवेने खाऊन खाऊन गळून पडलं होतं आणि नळ नुसता दाखवायला होता. मुलगे सुरूच्या झाडांमागे जायचे. मुलींनी काय करायचं? त्या सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत. माझी मुलगी सहावीत होती. तिला लघवीचा त्रास सुरू झाला तेव्हा अलिबागच्या डॉक्टरीणबाईंनी मलाच झापलं, पोरीला पाणी पाजत नाही का म्हणून. पाळी सुरू झाल्यावर तर महिन्याचे ते दिवस ती घरीच बसायला लागली.

जानेवारीतली सभा मात्र भरली. जेट्टीवरच्या पार्किंगचा ठेका कुणाला द्यायचा हा विषय होता, त्यामुळे मुंबईला कामाला असलेलेसुद्धा सुट्टी काढून आले होते. मी म्हटलं, हीच वेळ. उभी राहिले आणि सांगितलं, शाळेत मुलींना संडास नाही, माझी पोर दिवसभर पाणी पीत नाही, महिन्यातून चार दिवस शाळा बुडवते. यंदाच्या कामांत पहिलं काम ते घ्या.

सरपंच माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ. मी त्याला भाऊजी म्हणते. म्हणायचे. त्याने माईक तोंडाजवळ घेतला आणि म्हणाला, "वयनी, पोरीच्या मुतायच्या गोष्टी सभेत कशाला काढता? घरी संडास हाय ना? घरी जाऊन ये म्हनाव तिला."

सगळी सभा हसली. माझ्या ताटात जेवलेली माणसं हसली. मग पार्किंगवरून हाणामारीची वेळ आली आणि कामांची निवड मेपर्यंत पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी शाळेत मुलगे माझ्या पोरीच्या मागे "घरी जाऊन ये, घरी जाऊन ये" म्हणत फिरले. बाईंनी दोघांना छड्या दिल्या, तर तिसऱ्या दिवशी रस्त्यावर सुरू झालं. पोरीने दप्तर माळ्यावर टाकलं. "आई, तू बोललीसच कशाला?" एवढंच ती म्हणाली आणि पुढे माझ्याशी बोलेना. शेवटी माझा भाऊ येऊन तिला उरणला घेऊन गेला. तिथल्या शाळेत तिचं नाव घातलं.

मी बोलले त्याची मला तेव्हाही लाज नव्हती, आजही नाही. लाज ज्याला वाटायला हवी होती तो पांढऱ्या गाडीतून फिरत होता. त्या दिवसापासून देवापुढे दिवा लावताना मी त्या माणसाचं वाईट चिंतलं. त्याच्या कोलंबीच्या तळ्याला रोग लागू दे म्हटलं. त्याच्या गाडीला गंज लागू दे म्हटलं. देवाने ऐकलं नाही. नवरा म्हणायचा, "जाऊ दे, भावकी हाय." भावकी आहे म्हणूनच जाऊ देणार नव्हते. मला दोनच गोष्टी हव्या होत्या. त्याचं नाक खाली झालेलं बघायचं होतं, आणि माझी पोर परत याच शाळेत जायला हवी होती.

एक मेची सभा नेहमीप्रमाणे तहकूब झाली. मी ग्रामसेवकाला गाठलं. तो पेणहून मोटरसायकलवर येणारा माणूस, गावाच्या भांडणात कधी पडत नाही.

"साहेब, तहकूब सभेला किती माणसं लागतात?"

"कितीही चालतात."

"बाया चालतात?"

"मतदार असल्या की चालतात." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "ताई, तारीख बघितलीत का?"

तारीख सरपंचानेच दिली होती आणि तिथेच त्याने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. त्याच दिवशी ट्रकवाल्या पुतण्याची हळद होती. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. लग्नाला एक वेळ नाही गेलं तरी चालतं, हळदीला नाही गेलात तर सात पिढ्या ऐकवतात. हळदीच्या दिवशी सभेला कोण कुत्रं येणार, असा त्याचा हिशेब. पण त्याची स्वतःची माणसंही सकाळपासून मंडप, बोकड आणि डीजेत अडकणार, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. त्याने खुर्चीवर उपसरपंचबाईला पाठवून दिलं. ती बिचारी सांगतील तिथे सही करणारी, म्हणूनच तर तिला निवडलेली.

आणि हळदीच्या भाकऱ्या? त्या भावकीतल्या बायाच करतात. तांदळाच्या, घमेली भरभरून. मांडवाच्या मागे चुली मांडलेल्या, पन्नासेक बाया उकड मळतायत, थापतायत, धुरात खोकतायत. मी त्यांच्यातच बसले होते. सभेची वेळ झाली तशी उठले आणि म्हटलं, "चला गो. तुमच्या पोरीबी त्याच शालंत जातात ना?"

आधी कुणी हललं नाही. मग एक म्हातारी उठली. तिची नात पाचवीत होती. "मला बी कदी कुनी विचारला न्हाय," ती म्हणाली आणि हात न धुताच चालायला लागली. तिच्यामागे बाकीच्या. चुली तशाच धगधगत राहिल्या. पंचायत मांडवापासून हाकेच्या अंतरावर.

ग्रामसेवकाने कामांची यादी वाचली. कमान, ब्लॉक, ब्लॉक. मी ठराव मांडला की हे सगळं बाजूला ठेवून आधी मुलींचा संडास, दारासकट, पाण्यासकट. म्हातारीने अनुमोदन दिलं. उपसरपंचबाईने आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "कोन कोन बाजूनं हाय?" आणि पिठाने पांढरे झालेले हात वर गेले. विरोधात सरपंचाचा एक माणूस होता, तो हात वर करायचं सोडून बाहेर पळाला.

तिकडे मटण शिजलं होतं, पाहुणे बसले होते आणि भाकरीचा पत्ता नव्हता. सरपंच धावत आला. नव्या कोऱ्या झब्ब्यावर हळद, कपाळावर घाम. "सभा तहकूब करा," म्हणाला. ग्रामसेवक चष्मा पुसत म्हणाला, "ठराव झाला, सरपंच. सूचक, अनुमोदक, मतदान, सगळं झालं." सरपंचाने एकेका बाईकडे बघितलं. एरवी त्याला बघून पदर सावरणाऱ्या बाया, कुणीही खाली बघितलं नाही.

मग तो माझ्याकडे वळला. "वयनी, ह्यो सूड हाय."

"व्हय," मी म्हटलं. "आता घरी जाऊन ये."

हसल्या सगळ्या. त्या हसण्याची चव मला अजून जिभेवर लागते, खोटं कशाला सांगू. त्या दिवशी पाहुण्यांनी बेकरीच्या पावाबरोबर मटण खाल्लं आणि ती गोष्ट रेवदंड्यापर्यंत पोचली.

पावसाळ्यानंतर संडास बांधून झाला. उद्घाटनाला सरपंचच नारळ घेऊन हजर, बॅनरवर त्याचाच फोटो. मी म्हटलं, लाव फोटो, संडासावरच लाव.

दिवाळीत पोर आली. मी बाईंकडून चावी मागून घेतली आणि तिला शाळेत घेऊन गेले. तिने नळ सोडून बघितला. कडी लावून बघितली, आतून, दोनदा. बाहेर आली तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघत होते.

"आता ये परत," मी म्हटलं. "बाई लगेच नाव घालतील. आता कोन हसतंय ते बघते मी."

तिने नळ नीट बंद झालाय का ते पुन्हा पाहिलं. "चांगला हाय," ती म्हणाली. "पन आई, तिकडं मी वर्गात उभी ऱ्हायले ना, तर कुनी हसत न्हाय. तिकडं कुनाला कायी म्हाईतच न्हाय."

मी खूप बोलले. रागावले, रडलेसुद्धा. भाऊबीज झाल्यावर ती मामाबरोबर गेली. आता शाळेतल्या मुली पाणी पितात, बाई मला भेटल्या की हात धरतात, आणि पुढच्या निवडणुकीत मी सरपंचाच्या विरोधात उभी राहणार आहे. त्याला पाडणार, नक्की पाडणार. पण तो पडला, त्याच्या दाराला कुलूप लागलं, तरी रोज सकाळी माझ्या पोरीची वेणी तिची मामीच घालणार आहे.