उखळ अक्कलकोटला, मुसळ सोलापुरात

सोलापुरातल्या एका मोठ्या खासगी दवाखान्यात चनबसप्पा हत्तुरे गेली कित्येक वर्षं भांडणं सोडवायचा पगार घेतो. हुद्दा ‘डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ असा भारदस्त आहे. जुळे सोलापुरातल्या शेजाऱ्यांना तो उच्चारायला जड जातो, म्हणून ते ‘दवाखान्यात कंप्युटरवर असतात’ एवढ्यावर भागवतात.

भांडणं माणसांची नसतात, कामांची असतात. दवाखान्यात पेशंट एकच, पण त्याच्या माहितीत हात घालणारे पन्नास. केसपेपरवाले, लॅबवाले, बिलवाले, औषधवाले. दोघांनी एकाच वेळी एकच आकडा बदलला तर कुणाचा खरा मानायचा? म्हणून एकजण बदलत असला की कंप्युटर त्या जागेला कुलूप लावतो आणि बाकीच्यांना थांबायला सांगतो. पद्धत उत्तम आहे. फक्त ती काढणाऱ्यानं सोलापुरी माणूस पाहिलेला नसावा. आमचा माणूस बिल उघडतो, अर्धवट भरतो आणि चहाला जातो. कुलूप तसंच. मग चनबसप्पाचा फोन वाजतो, “सर, अडकलं की हो!” तो कुलूप कुणाच्या नावावर आहे ते बघतो, कँटीनला फोन लावतो आणि म्हणतो, “पुरे झाला चहा.” तरी माणूस हलला नाही तर त्याचं अर्धवट काम बाहेर काढून टाकतो. चहा संपवून आलेला माणूस मग दिवसभर त्याच्याशी बोलत नाही.

दुसरं काम लॉगचं. कंप्युटर काहीही करण्याआधी ‘आता मी अमुक करणार’ हे एका वेगळ्या फाईलीत लिहून ठेवतो. लाईट गेली, आणि सोलापुरात लाईट जाते, तर पुन्हा सुरू झाल्यावर तो आधी तेच वाचतो. जे पूर्ण झालं होतं ते पक्कं करतो, जे अर्धवट राहिलं ते मागे घेतो, जणू कुणी सुरूच केलं नव्हतं. नव्या मॅनेजरसाहेबांनी आल्या आल्या ती फाईल पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. “पेशंटच्या माहितीपेक्षा ही नोंद मोठी? पुसून टाका.”

“पुसली तर दवाखाना बसेल, साहेब,” चनबसप्पा म्हणाला. “रोज प्रत काढून ठेवली की जुनं आपोआप मोकळं होतं.”

“पण एवढं मोठं कसं काय?”

“तुमच्या घरात काय घडलं ते मोठं असतं, का त्याच्यावर झालेलं बोलणं?”

साहेबांचं नुकतंच लग्न झालं होतं. त्यांनी फाईल तशीच राहू दिली.

हे बोलणं चनबसप्पाला सुचलं ते उगीच नाही. त्याच्या डोक्यात एक लॉग चार वर्षं वाढत होता आणि त्याची प्रत काढून मोकळं व्हायची सोय नव्हती. थोरला भाऊ निंगप्पा अक्कलकोटला राहतो. त्याच्या अंगणात आईचं दगडी उखळ जमिनीत पुरलेलं आहे. आई शेवटी धाकट्याकडे सोलापूरला राहायला आली तेव्हा येताना मुसळ घेऊन आली, दुसऱ्या मुसळानं कांडलेली शेंगाचटणी तिला चटणी वाटतच नसे. सोलापुरात ती चनबसप्पाच्या पितळी खलात मुसळ घालायचा प्रयत्न करायची आणि खलाला नावं ठेवायची. ती गेली. दिवसकार्याला सगळा गोतावळा जमलेला असताना निंगप्पा म्हणाला, “मुसळ आता घरी पाटव.” त्या ‘घरी’चा चनबसप्पाला राग आला. म्हणजे आई माझ्याकडे राहिली ते काय लॉजवर? तो म्हणाला, “उखळ हिकडं आन, मग बगू.” निंगप्पा म्हणाला, “उखळ जमिनीत हाय, तुला म्हाईत न्हाय काय? मुसळाला पाय फुटत्यात.” पाच माणसं हसली. चनबसप्पा हसला नाही. त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोललेला नाही.

एवढ्याशा लाकडावरून! पण ऐकणाऱ्यांना ते एवढंसं वाटतं. हत्तुऱ्यांच्या घरात लग्नाआधी हळद कांडायची ती त्याच उखळात, त्याच मुसळानं, मुसळाला आंब्याचा टहाळा बांधून. आणि या वर्षी दोन्ही घरांत लग्न निघालं. वैशाखात चनबसप्पाच्या मुलीचं, शिवलीलाचं, आणि ज्येष्ठात निंगप्पाच्या मुलाचं, गुरूचं. दोघांनाही दोन्ही वस्तू हव्या होत्या, दोघांकडे एकेक होती, आणि दोघंही दुसऱ्याची वाट बघत बसले होते. बाजारात उखळं मुसळं काय मिळत नाहीत? मिळतात. चनबसप्पा एक आणायलाही निघाला होता. शिवलीलानं त्याला दारातच अडवलं.

“अप्पा, काका नसतील तर मी हळद लावून घेणार नाही. सांगून ठेवते.”

तिची आई तेव्हा आजारी असायची म्हणून शिवलीला पहिली चार वर्षं अक्कलकोटला काका-काकूंकडेच वाढली. बोलायला शिकली ती कन्नड आणि मराठीची मिसळ करून, निंगप्पाच्या खांद्यावर बसून. पोरगी स्वभावानं आजीवर गेलेली. ती म्हणाली म्हणजे ती लावून घेणार नाही. चनबसप्पाची झोप उडाली ती तेव्हापासून. मांडवात पोरगी पिवळी न होता उभी, आणि निंगप्पाची जागा रिकामी, हे त्याला दिवसाढवळ्या दिसायला लागलं.

अशात दवाखान्यात एक प्रसंग झाला. औषध दुकानातली अरिबा तणतणत त्याच्या खोलीत आली, तिच्या मागोमाग बिलिंगचा रामहरी.

“सर, रोज आमचंच अडकायलंय,” अरिबा म्हणाली.

“अडकतंय दोघांचं,” रामहरी म्हणाला, “पण बाहेर काढतोय मलाच. आणि वर काय लिवतोय बगा!” त्यानं मोबाईलवर काढलेला फोटो पुढं केला. पडद्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की, आपलं काम ‘डेडलॉक व्हिक्टिम’ म्हणून निवडण्यात आलं आहे, कृपया पुन्हा करावं. “मी व्हिक्टिम? एवढी वर्षं बिलिंग करायलोय मी हितं!”

चनबसप्पानं दोघांना खुर्च्या दिल्या आणि समजावलं. अरिबा औषधाचा साठा धरून ठेवते आणि पेशंटचं बिल मागते. रामहरी बिल धरून ठेवतो आणि साठा मागतो. ही सोडत नाही, तो सोडत नाही, आणि तसंच ठेवलं तर दोघं जन्मभर बसतील. तेव्हा कंप्युटर स्वतःच एकाला मागं घेतो, म्हणजे दुसऱ्याचं तरी होऊन जातं.

“पण मलाच का?”

“ज्याचं केलेलं मोडायला कमी लागतं त्याला घेतो. तुमचं थोडंसंच झालेलं असतं.”

हे सांगायला नको होतं. रामहरीचा चेहरा बदलला. “म्हंजे बिलिंगवाले काम कमी करत्यात?” संध्याकाळपर्यंत बिलिंगच्या पाचजणांच्या सह्यांचा निषेध मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर होता. चनबसप्पानं मग प्रोग्राम लिहिणाऱ्यांकडून बदल करून घेतला. दोघांनीही आधी बिल धरायचं, मग साठा. एकाच वाटेनं गेलं की आधी आलेला पुढं जातो, दुसरा त्याच्या मागं थांबतो, समोरासमोर कुणी येतच नाही. भांडण मिटलं. रामहरीनं मात्र, आपला अपमान मागं घेतल्याचं लेखी मिळावं, म्हणून आग्रह धरला आणि ते मिळवलं.

हा किस्सा त्यानं रात्री जेवताना रंगवून सांगितला. शिवलीला हसली. बायको महानंदा भाकरी थापत होती, ती हसली नाही.

“मग तुमच्यात आणि भावजींत कुणाचं मोडायला कमी लागतंय?” तिनं विचारलं.

“म्हणजे?”

“उखळ जमिनीत हाय. मुसळ त्या भिताडाला टेकवलंय.”

चनबसप्पाचा घास तोंडातच राहिला. आपल्याला राग आलाय आणि तो हुबेहूब रामहरीचा राग आहे, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यामुळे आणखीच राग आला. मुसळ न्यायला सोपं म्हणून मान माझा कमी? निंगप्पाचा दगड, म्हणून तो मोठा? दोन दिवस तो घरात गुरगुरत हिंडला. पण बावीस वर्षं दुसऱ्यांना मागं घेणाऱ्याला एक गोष्ट माहीत होती, की अडकलेलं काम नुसतं थांबून कधीच सुटत नाही. आणि वैशाख काही थांबणार नव्हता.

रविवारी सकाळी त्यानं मुसळ घेतलं. आत शिवलीला साड्या मोजत होती, तिला काही बोलला नाही. महानंदाला म्हणाला, “जातो आणि येतो.” तिनं कुठं ते विचारलं नाही.

पुरुषभर उंचीचं, टोकाला वसू म्हणजे लोखंडी कडं बसवलेलं मुसळ एसटीत चढवणं म्हणजे काय ते चढवणाऱ्यालाच कळतं. कंडक्टरनं विचारलं, “कुनाला मारायला निगालाव काका?” मागच्या सीटवरच्या बाईनं डोकं खाली घातलं. मुसळ दोन सीटांच्या मधून आडवं ठेवलं आणि वळसंगपर्यंत प्रत्येक चढणारा त्याला अडखळून चनबसप्पाला बोलून गेला. चनबसप्पानं सगळं सोसलं. मोठ्या मनाच्या माणसाला सोसावंच लागतं, असं त्याचं त्या दिवशी मत होतं. काय बोलायचं ते त्यानं पाठ केलं होतं. मी आलो म्हणून माझी चूक होती असं नाही. मी पोरीसाठी आलो. मुसळ देतोय, पण त्या दिवशी तू चारचौघांत... इथपर्यंत येऊन त्याला प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत होती.

निंगप्पाचं दार उघडंच होतं. वहिनी ईरम्मा अंगणात उभी होती. त्याला खांद्यावर मुसळ घेतलेला पाहून तिनं पदर तोंडाला लावला. रडते आहे की हसते आहे हे त्याला कळेना.

“अण्णा कुटं हाय?” त्यानं विचारलं.

तिनं नुसतं बोट दाखवलं. अंगणाच्या मधोमध, जिथं उखळ असायचं तिथं, गुडघाभर खड्डा होता. कडेला ताजी ओली माती, शेजारी पहार पडलेली.

“सोलापूरला गेल्यात,” ईरम्मा म्हणाली. “टेम्पो घेऊन. तुमी वाटंत चुकला जणू.”

चनबसप्पा मुसळ हातात धरूनच खाली बसला. पाठ केलेलं सगळं भाषण वाया गेलं. त्याहून वाईट म्हणजे आपण मोठ्या मनानं नमतं घेतलं हा जो आनंद त्याला एसटीत झाला होता, तो या खड्ड्यात कुठच्या कुठं गेला. लाकूड उचलून आणायला त्याला चार वर्षं लागली. सत्तरीला टेकलेल्या निंगप्पानं दगड उपटला होता.

“आज काडलं?”

“छे! पयल्यांदा गेल्या म्हैन्यात काडलं. गुरू आनि ह्यांनी मिळून. तवाच टेम्पोत चडवलं, निगाले, नि गावच्या येशीपासनं मागं आले. परत पुरलं. या आठवड्यात परत काडलं, परत पुरलं. आज तिसऱ्यांदा. मी म्हटलं, आवो, दगडाला तरी झोपू द्या.” ती हसली आणि मग गंभीर झाली. “मला म्हनले, चन्नूनं दार उघडलं न्हाय तर? सगळ्या गल्लीसमोर दगड घेऊन उभं ऱ्हायाचं आनि त्यानं दार उघडलं न्हाय तर?”

चार वर्षं चनबसप्पा, निंगप्पा येईल तेव्हा काय सुनवायचं तेच घोकत होता. निंगप्पाला आपल्या दाराची भीती वाटत असेल, हे त्याच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. ज्या भावानं त्याला पोहायला शिकवताना विहिरीत ढकललं आणि मागोमाग स्वतः उडी टाकली, त्या भावाला धाकट्याच्या घराचा उंबरा भ्यायला लावत होता. त्याला स्वतःची लाज वाटली, इतकी की वहिनीनं पुढं केलेलं पाणीही त्याला घेववेना.

फोन वाजला. महानंदा होती.

“भावजी आलेत,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “टेम्पोपाशी उभे हायत मघाधरनं. उनात. आत या म्हटलं तर म्हनतात, चन्नू घरात न्हाय, तो आल्याबिगर कसं येऊ. शिवलीला हाताला धरून ओढायली, तरी न्हाय.”

“त्याला दे फोन.”

पलीकडे थोडी गडबड झाली. मग टेम्पोच्या इंजिनाचा आवाज, रस्त्यावरच्या पोरांचा आवाज, आणि एक जड श्वास. चार वर्षांत पहिल्यांदा.

“अण्णा,” चनबसप्पा म्हणाला, “आत जा की रं. उनात का उभायस?”



“तू म्हनतोयस?” निंगप्पानं विचारलं.

“व्हय. मी म्हनतोय. तुजंच घर हाय ते.”

फोन कुणाच्या तरी हातात गेला, मग पुन्हा महानंदा बोलली.

“आले आत. सासूबाईंच्या फोटोपुढं बसलेत आनि रडायलेत. शिवलीलापन रडायली. तुमी कुटं हाय?”

“तुझ्या जावेच्या अंगणात.”

“आनि मुसळ?”

“माझ्यापाशी.”

“मग ठेवून येऊ नका तितं,” महानंदा म्हणाली. “उखळ हितं उतरवलंय. परवा हळद कांडायचीय.”

चनबसप्पानं डोळे पुसले, वहिनीच्या हातचं पाणी घेतलं. मग “वैनी, चला, तुमी बी चला,” म्हणून त्यानं तिलाही उठवलं आणि मुसळ खांद्यावर टाकून दोघं एसटी स्टँडकडे निघाली.