बाहेर ओढायचं स्वयंपाकघर

बदली होऊन आम्ही जयपूरला आलो आणि पहिल्याच हिवाळ्यात मुलीला दमा जडला. धूळ आणि धूर, दोन्हींपासून जपा, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याच सुमाराला ह्यांनी ट्रेलर बांधायला घेतला होता. रेल्वेतली नोकरी, ठोकाठोकीचा भारी नाद. भंगारातल्या दोन चाकांच्या सांगाड्यावर ह्यांनी प्लायवूडची खोली चढवली. आपल्या जुन्या जीपला ती जोडायची आणि सुट्टीत कुठेही मुक्काम करायचा, असा बेत. आत तिघांची झोपायची सोय होती आणि कोपऱ्यात माझ्यासाठी पक्का ठोकलेला ओटा.

"अहो, इथेच स्टोव्ह पेटवायचा आणि इथेच हिला झोपवायचं?"

"खिडकी ठेवलीय की."

"खिडकीतून सगळा धूर जातो होय?"

हे रागावले. ओटा मात्र उखडला. मग एका रविवारी पट्टी-पेन्सिल माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "सांग, कसा हवाय?"

मी सांगत गेले, हे काढत गेले. मागच्या दारातून खणासारखी बाहेर ओढायची लांबट पेटी. तिला दुमडते पाय. झाकण उलटलं की पोळ्या लाटायला फळी. स्टोव्हखाली पत्रा, तीन बाजूंनी वाऱ्याला आडोसा. डब्यांची मापं मी स्वतः घेतली. पेटी अख्खी काढून दोघांना उचलता आली पाहिजे, यावर मी अडून बसले. मुलीच्या आजारपणात आम्ही एकमेकांशी नीट बोलायचंच विसरलो होतो. त्या कागदावर मात्र दोघं वाकून बसायचो.

उन्हाळा लागता लागता पहिल्यांदा निघालो ते जयपूरबाहेरच्या कानोत्याच्या बंधाऱ्यावर. पेटी छान बाहेर आली. मी पिठलं टाकलं आणि बघता बघता आभाळ पिवळं झालं. आंधी! ह्यांनी मुलीला आत बसवलं. वाऱ्यानं स्टोव्ह भगभगायला लागला.

"पेटी आत ढकलतो," हे म्हणाले.

"नको, स्टोव्ह विझवा आधी!"

वाऱ्यात ऐकू गेलं नाही, की ऐकलं नाही, देव जाणे. ह्यांनी पेटत्या स्टोव्हसकट पेटी आत सारली, मागोमाग स्वतः आत शिरले आणि धूळ येऊ नये म्हणून दार लावून घेतलं. मी बाहेरच. दार उघडेपर्यंत आत काळा धूर कोंडला होता.

"आई, साँस नहीं आ रही," मुलगी म्हणाली. घाबरली की तिला हिंदीच सुचायची.

मी पेटी ओढली तर वाळूनं अडकलेली. ह्यांनी आतून लाथ मारून ती बाहेर काढली. स्टोव्ह, पिठलं, सगळं मातीत गेलं. ट्रेलर तिथेच सोडून आम्ही जीप जयपूरकडे पळवली. दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर संध्याकाळी तिचा श्वास सुरळीत झाला.

बाकावर बसून हे म्हणाले, "तू नको म्हणत होतीस."

त्यांना धीर द्यावा एवढंही माझं मन मोठं झालं नाही.

ट्रेलर ह्यांनी परत आणून त्याच महिन्यात मोडला. पेटी मागच्या अंगणात ठेवली आणि मी तिथेच रांधू लागले. मुलीचा दमा थोडा कमी झाला, गेला नाही. ती मात्र अधूनमधून विचारायची, "बाबा, आपण फिर कधी जायचं?"

हे ताटावरून उठून हात धुवायला जायचे.