मेजरांनी राखलेला पूल

मेजर हे प्रस्तुत लिहिणारीचे व्याही. त्यांची ओळख मुलाच्या लग्नाच्या बोलण्यात झाली. ते खरे मेजर नव्हते. सैन्यातून परतलेल्या माणसाला गावाने दिलेले ते नाव होते. पुढील हकिगत त्यांच्या मुलीने, म्हणजे लिहिणारीच्या सुनेने, सांगितली आहे आणि ती लिहावी असेही तिनेच सुचवले.

मेजरांची सारी नोकरी पलटणीच्या स्वयंपाकघरात गेली. पहाटे भट्ट्या पेटवायच्या, पोतेभर कांदे चिरायचे, पुरुषभर रुंदीच्या पातेल्यात दोन्ही हातांनी पळी फिरवायची. युद्ध झाले तेव्हाही ते मागच्या तळावर रांधतच होते. निवृत्तीनंतर त्यांनी एका वसतिगृहाच्या खानावळीत काम धरले, पत्नीच्या आजारपणात घर सांभाळले, मुलीच्या वेण्या घातल्या. थोड्या माणसांचा स्वयंपाक मात्र त्यांना कधी साधला नाही. तिघांसाठी बटाटे शिजवायला घेतले, की जिन्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांत डबे जात.

"अहो, शत्रू चालून येतोय का?" पत्नी विचारी.

"आलाच तर उपाशी जायला नको," ते म्हणत.

मुलीला त्या पळीची लाज वाटे. लग्न ठरताना तिच्या होणाऱ्या सासऱ्यांनी, म्हणजे लिहिणारीच्या यजमानांनी (त्यांचे लोखंडी सामानाचे दुकान होते), सहज विचारले, "वडील आघाडीवर होते ना?" तिने बेधडक उत्तर दिले, "हो. एक पूल राखला होता त्यांनी." पूल कोठून सुचला, हे तिला आजही सांगता येत नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत सासऱ्यांनी मेजरांना बैठकीत मधल्या खुर्चीवर बसवले. दुकानातले स्नेही मुद्दाम बोलावले होते. "व्याहीबुवा, आता तो पूल होऊन जाऊ द्या," ते म्हणाले. मेजरांनी मुलीकडे पाहिले. तिने मान खाली घातली. मग मेजरांनी अडखळत, शब्द शोधत पूल राखला. त्यांच्या कपाळावरचा घाम पाहून एक स्नेही हळहळला, "नुसत्या आठवणीनं बघा कसा घाम फुटलाय."

पुढे प्रत्येक भेटीत पूल आला. मेजर तब्येतीचे निमित्त सांगून येईनासे झाले. ते आले नाहीत की मुलीला हायसे वाटे, आणि याच गोष्टीची तिला आज सर्वांत अधिक शरम वाटते.

अखेर ते खरोखरच अंथरुणाला खिळले. रुग्णालयात त्यांना उभारी यावी म्हणून सासरे परिचारिकेला म्हणाले, "सिस्टर, हा साधासुधा पेशंट नाही. मेजर, सांगा यांना." मेजरांना धाप लागली होती. मुलगी उशाशी होती. खरे काय ते तिच्या अगदी ओठांवर आले होते. पण ती म्हणाली, "बाबा, थोडंसं सांगा ना."

त्यांनी सांगितले. त्याच आठवड्यात ते गेले.

शोकसभेत सासरे बोलायला उठले. त्यांचे भाषण पुलाशी आले, तेव्हा मुलगी खुर्चीचा हात धरून उभी राहिली.

"मामंजी, थांबा. पूल नव्हताच. ते स्वयंपाकी होते."

मागच्या रांगेतून पलटणीतला एक म्हातारा सोबती मोठ्याने म्हणाला, "हां! मला वाटलं, मी चुकून दुसऱ्याच कुणाच्या शोकसभेत येऊन बसलो."

सासऱ्यांचा चेहरा पडला. "म्हणजे इतकी वर्षं बनवलं त्यांनी मला?"

"त्यांनी नाही. मी."

सासरे खाली बसले. आपणच दरवेळी त्या माणसाला खुर्चीत बसवून घाम फोडत होतो, हे त्यांना उमगले असावे.

सुनेने उरलेले सांगितले ते त्याच संध्याकाळी, प्रस्तुत लिहिणारीजवळ बसून. पहिल्या भेटीनंतर ती वडिलांना गाडीपर्यंत पोहोचवायला गेली होती. ते रागावले नव्हते. त्यांनी तिच्याजवळ एकच गोष्ट मागितली होती, आणि सासरी काय वाटेल या भीतीने तिने ती कधी पुरी केली नाही. रुमालाने मान पुसत ते म्हणाले होते, "पुढच्या वेळी मला आत स्वयंपाकघरात बसव, पोरी. बैठकीत नको."