मीठ-पिठाचं मॉरिशस

मुलगी पाचवीत होती तेव्हा तिच्या शिक्षिकेनं वर्गातल्या प्रत्येकाला टोपीतून एकेक चिठ्ठी उचलायला लावली. चिठ्ठीत देशाचं नाव. त्या देशाचा उठावाचा नकाशा करायचा, झेंडा, राजचिन्ह, राष्ट्रीय फूल, पक्षी यांची माहिती जमवायची आणि वर्गापुढे पाच मिनिटं बोलायचं. कुणाला ब्राझील आला, कुणाला जपान. आमच्या वाट्याला मॉरिशस.

आम्ही तेव्हा फ्रीमाँटमध्ये राहत होतो. २००४ साल होतं. आधीच्या मंदीत आजूबाजूच्या कितीतरी घरांतली माणसं सामान बांधून मायदेशी परत गेली, पण नवऱ्याची नोकरी टिकली होती. आता सगळं सुरळीत होणार असं वाटत असतानाच, चिठ्ठी घरी आली त्याच्या आदल्या आठवड्यात, त्याच्या पोटातल्या दुखण्याचं निदान झालं. स्वादुपिंडाचा कर्करोग. यकृतापर्यंत गेलेला. ऑपरेशनचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. मला सरळ बोलणारे डॉक्टर आवडतात. नवऱ्याला त्या दिवशी आवडले नाहीत.

कुणाला सांगायचं नाही असं त्यानं ठरवलं. कोल्हापूरला त्याच्या आईला नाही, ऑफिसात फक्त बॉसला, आणि मुलीला तर अजिबात नाही. मी वाद घातला नाही. मरणार तो होता, तेव्हा ठरवायचा हक्क त्याचा.

पण एका छपराखाली तीन माणसं राहतात तेव्हा बोलावं तर लागतंच. औषधांच्या वेळा, रक्ताचे रिपोर्ट, विमा कंपनीचे फोन. इथं वाढणारी मुलं मराठी ऐकतात आणि इंग्रजीत उत्तर देतात. जेव, झोप, अभ्यास कर एवढं त्यांना समजतं, त्यापलीकडचं डोक्यावरून जातं, असं आम्ही सगळेच आईबाप धरून चालायचो. म्हणून आम्ही दोघं मुलीसमोर शाळेच्या पुस्तकातल्या मराठीत बोलायला लागलो. दोघंही मराठी माध्यमाचे, शब्दांची वाण नव्हती. कॅन्सर म्हणायचं नाही, कर्करोग म्हणायचं. पॅनक्रियाज नाही, स्वादुपिंड. रिपोर्ट नाही, अहवाल. जेवणाच्या टेबलावर आम्ही आकाशवाणीच्या बातम्या दिल्यासारखे बोलायचो.

"आज अहवाल आला का?"

"आला. वृद्धी आहे."

मुलगी ताटातली भेंडी बाजूला सारत असायची. तिनं कधी मान वर केली नाही.

दोन घरं सोडून नागपूरची एक बाई राहायची. मुलगी तिला काकू म्हणायची. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, आवाज खणखणीत, हातात कायम काहीतरी झाकलेलं भांडं. तिला आम्ही अल्सर सांगितला होता. मॉरिशसचं ऐकून ती म्हणाली, "अगं, तिथं तर लोक हनिमूनला जातात! पोरीला काय हनिमूनचा प्रोजेक्ट दिला की काय त्या मॅडमनं?"

नवरा हसला. हसताना त्यानं पोट धरलं. काकूंनी ते पाहिलं.

प्रोजेक्ट त्यानं अंगावर घेतला. मुलाचा प्रोजेक्ट बापानं करायचा आणि बापाहून आईनं चांगला करायचा, ही आमच्या लोकांची रीतच होती. विज्ञान प्रदर्शनात कुठला ज्वालामुखी इंजिनियरनं केलाय हे लांबून ओळखता यायचं. पण ह्या वेळी मी बोलले नाही. तो दिवसभर आरामखुर्चीत असायचा. त्याला काहीतरी हवं होतं.

मैदा, मीठ आणि पाणी कालवून मी गोळा करून दिला. प्लायवूडच्या तुकड्यावर दोघांनी बेट थापलं. मध्ये पठार, भोवती तुटक डोंगर, नैर्ऋत्येला सगळ्यात उंच शिखर. किनाऱ्याभोवती प्रवाळाची भिंत, म्हणजे रीफ. तो वाचून दाखवायचा आणि ती थापायची. बेट ज्वालामुखीतून वर आलेलं. झेंड्यावर चार आडवे पट्टे, लाल, निळा, पिवळा, हिरवा. राष्ट्रीय फूल लाल, कानातल्या डुलासारखं लोंबणारं, रानात फारच थोड्या ठिकाणी उरलेलं. राजचिन्हावर एका बाजूला डोडो, दुसऱ्या बाजूला सांबर, दोघांच्याही पायांत उसाचं कांडं.

"आपली माणसं पण गेली होती तिथं," तो म्हणाला. "रत्नागिरीकडची. ऊस तोडायला."

"लाइक, मराठी मराठी?"

"मराठी मराठी. अजून आहेत. गणपती बसवतात."

"वियर्ड," ती म्हणाली. आवाजावरून तिला ते आवडल्याचं जाणवलं.

आठवड्याभरात बेट वाळलं. माझ्या मते काम झालं होतं. मुलीनं ते उचलून पाहिलं आणि म्हणाली, डोंगर जास्त उंच झालेत. पुन्हा करायचं.

पुन्हा केलं. दुसऱ्या वेळी किनारा तडकला. गॅरेजमध्ये ऊन लागलं असेल, असं मला वाटलं. तिसऱ्या वेळी रंग चुकला म्हणाली. रंग चुकला तर वरून रंगव ना, पण नाही, सगळं खरवडून काढलं. माझं डोकं फिरलं.

"हा देश समुद्रात बुडायच्या आत तुझा नकाशा होणारे का?" मी म्हटलं. "किती मैदा घालवायचा? बाबाला बसवत नाहीये आता."

"आय नो," ती म्हणाली.

तो खरंच खचत चालला होता. पँटला आत दोन ठिकाणी पिना लावाव्या लागायच्या. डोळे पिवळे झाले. तरी ती शाळेतून आली की तो खुर्चीत सरळ बसायचा. आत गेली की मला म्हणायचा, "तिचं सादरीकरण होईपर्यंत मी निभावून नेईन. तेवढं ठरवलंय. त्यानंतर बघू." हे वाक्य त्यानं जेवणाच्या टेबलावरही दोनतीनदा म्हटलं. त्याच पुस्तकी भाषेत, मुलगी समोर असताना.

मग शिक्षिकेचा फोन आला. मुलीनं आपली पाळी दोनदा पुढे ढकलून घेतली होती आणि आता ती शेवटून पहिली होती. आज तिनं विचारलं की हे पुढच्या वर्षी करता येईल का. "घरी सगळं ठीक आहे ना?" शिक्षिकेनं विचारलं.

"हो, एकदम ठीक," मी म्हटलं. सवयीनं तोंडातून गेलं.

फोन ठेवून मी गॅरेजमध्ये गेले. ती कपडे धुण्याच्या मशीनसमोर बसली होती. चौथं बेट मांडीवर. दोन्ही अंगठ्यांनी ती उत्तरेचा किनारा दाबत होती. वाळलेला तुकडा कट्‌कन तुटला. तिनं तो बाजूला ठेवला आणि पुढचा दाबायला घेतला. रागानं नाही, शेंगा सोलाव्यात तसं.

"काय चाललंय?"

तिनं हात काढला नाही.

"मुद्दाम मोडतेस?"

"इट्स नॉट डन यट," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा सेड. प्रोजेक्ट होईपर्यंत. ही सेड इट लाइक थ्री टाइम्स. सो इफ इट्स नॉट डन..."

वाक्य तिनं पुरं केलं नाही. गरज नव्हती.

"तुला काय माहितीये?" मी विचारलं.

"स्वादुपिंड." तिनं प्रत्येक अक्षर नीट उच्चारलं. "काकूला विचारलं. शी सेड पॅनक्रियाज. मग कर्करोग विचारलं."

"काकू काय म्हणाली?"

"शी डिडन्ट से एनीथिंग. तिनं मला लाडू दिला."

म्हणजे काकूंनाही तेव्हाच कळलं होतं. त्यानंतर आमच्याकडे रोज भांडं यायला लागलं होतं, कधी मऊ भात, कधी भाजणीची पेज. मला वाटलं होतं, बाईला वेळ फार आहे.

मी तिच्या मांडीवरचं प्लायवूड घेतलं आणि तिला उठवलं. समजूत घालणं मला जमत नाही, आणि ते काम माझं नव्हतंही. मी तिला जिना चढून त्याच्या खोलीत नेलं आणि सांगितलं, "हिला सगळं माहितीये. तुझा प्रोजेक्ट संपला की तू जाणार, म्हणून ही तो मोडत बसलीये. आता बोल तिच्याशी."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला ढकलून दिलंय. मग मुलीकडे पाहिलं. खाली कुणाचं तरी गॅरेज उघडल्याचा आवाज आला.

"हे बघ," तो म्हणाला. पुस्तकी मराठी गेली होती. "माझ्या पोटात जे आहे ना, त्याला तुझा प्रोजेक्ट माहीत नाही. तू केलास काय, मोडलास काय. त्याला काही फरक पडत नाही."

"देन व्हाय डिड यू से इट?"

"मला काहीतरी ठरवायचं होतं म्हणून."

"आर यू गोइंग टू डाय?"

"हो."

"व्हेन?"

"माहीत नाही. पण लवकर."

ती पलंगाच्या कडेला बसून राहिली. रडली नाही. मला ते तेव्हा बरं वाटलं, नंतर नाही. मग ती म्हणाली, "साउथ साइडला रीफ नाहीये. यू पुट रीफ देअर. पुस्तकात आहे, तिथं लाटा डायरेक्ट येतात."

"मग काढ," तो म्हणाला.

पाचवं बेट तिनं जवळजवळ एकटीनंच केलं. तो झोपून सांगत होता. किनारा जरा ओबडधोबड झाला, पण दक्षिणेला भिंत नव्हती.

सादरीकरणाच्या दिवशी मी त्याला चाकाच्या खुर्चीतून शाळेत नेलं. वर्गाच्या मागच्या बाजूला, दाराजवळ बसवलं. पटकन बाहेर काढता यावं म्हणून. मुलांनी वळून पाहिलं, शिक्षिकेनं त्यांना पुढे बघायला लावलं. मुलगी न अडखळता बोलली. बेट कसं तयार झालं, ऊस कुणी लावला, कुणी तोडला, झेंडा, फूल. डोडोवर आल्यावर एका मुलानं हात वर केला आणि विचारलं, मेलेला पक्षी राजचिन्हावर कशाला ठेवायचा?

"ज्यांनी मारला ते लोक निघून गेले," ती इंग्रजीत म्हणाली. "आता जे तिथं राहतात त्यांनी तो कधी पाहिलाच नाही. मग निदान चित्र तरी."

मुलाचं समाधान झालेलं दिसलं नाही. ती पुढच्या कागदावर गेली. टाळ्या झाल्या. गाडीपर्यंत पोचेपर्यंत नवऱ्यानं तग धरला, मग पार्किंगमध्ये दार उघडं ठेवून ओकला. मी पिशवी धरली. "बरं बोलली," तो तोंड पुसत म्हणाला.

तो त्या आठवड्यात गेला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मुलगी रोज सकाळी दप्तर पाठीला लावून त्याच्या दारात उभी राहायची, पांघरूण वरखाली होतंय का बघायची आणि मगच शाळेला निघायची. तिला काय पटवून घ्यायचं होतं ते मला कळत होतं, मी मध्ये पडले नाही. कोल्हापूरचा फोन त्यानं स्वतः केला. मी खोलीबाहेर उभी होते. आईला सांगून झाल्यावर तो कितीतरी वेळ नुसतं "हो", "हो" म्हणत होता.

तो गेला तेव्हा मुलगी शाळेत होती. घरी हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांना सांभाळणारी, नर्स होती आणि मी. सकाळपासून श्वास जड झाला होता. नर्सनं जिभेखाली औषधाचे थेंब दिले, पण ते लागू पडायला वेळ लागला. त्या वेळात तो मला ओळखत होता आणि बोलू शकत नव्हता. मग शांत झाला.

मी तिला आणायला गेले. गाडीत बसल्यावर पट्टा लावून तिनं विचारलं, "डिड इट हर्ट?"

"हो. थोडा वेळ. मग नाही."

"तू होतीस?"

"होते."

तिनं मान हलवली.

संध्याकाळी फोन सुरू झाले. मी प्रत्येकाला तेच सांगितलं, झोपेतच गेला, त्रास झाला नाही. लोकांना तेच ऐकायचं असतं, ते ऐकलं की ते फोन ठेवतात. मुलगी जिन्यावर बसून ऐकत होती. तिनं एकदाही मला टोकलं नाही.

काकू पिठलं-भात घेऊन आल्या. भांडं ओट्यावर ठेवून त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, "फार त्रास नाही ना गं झाला?"

मी ठरलेलं वाक्य म्हणणार, तेवढ्यात जिन्यावरून मुलगी मराठीत म्हणाली, "झाला, काकू. थोडा वेळ."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून हो म्हटलं. मग त्यांनी तिला हाताला धरून टेबलाशी आणलं, तीन ताटं काढली आणि वाढायला घेतलं.